पंचनाम्याबाहेर

कचेरीतला माणूस आला, लिहून घेऊन गेला:
पत्र्याची खोली एक, टीव्ही एक, कॉट एक, भांडी किरकोळ.
आमच्या गल्लीतल्या अकरा घरांत
भांडी सगळ्यांचीच किरकोळ निघाली.

मग शनिवारी ती मुलगी आली, ऋता नावाची,
पर्वतीच्या पायथ्याला, महापालिकेच्या शाळेत,
जिथं आम्ही पाचवी 'ब'च्या वर्गात राहत होतो
आणि फळ्यावर अजून कुणाची तरी त्रैराशिकं होती.
खांद्याला गिटार. म्हणाली, आपण मिळून गाणं करू या.
चंपूबाई म्हणाली, बाई, आधी बादल्यांचं करा.

पुढच्या शनिवारी तिनं बादल्या आणल्या. सहा.
म्हणून बसलो.

जे त्या कागदात आलं नाही ते सांगा, ती म्हणाली.
कुणी बोलेना. शाळेचा नळ ठिबकत होता.
मग शकिला म्हणाली, दाराच्या चौकटीवर
पेन्सिलीच्या रेघा होत्या, इरफानच्या उंचीच्या.
पोरगं आहे, हे काय समोर बसलंय,
पण ते किती किती होतं, ते जळालं.

हे गाण्यात कसं म्हणायचं, ऋतानं विचारलं,
त्यावर मात्र सगळ्या एकदम बोलल्या.
कुणाला रेघ हवी, कुणाला पेन्सिल,
आणि तिच्या चालीत दोन्ही मावेनात.
तुझी चाल हमरस्त्याची हाय, चंपूबाई म्हणाली,
आमची गल्ली अडीच फुटी,
दोघी समोरासमोर आल्या तर एकीनं तिरपं व्हायचं.
मांडीवर थाप मारून दाखवली: अशी. तिरपी.
गिटार मुकाट्यानं तिच्या मागनं गेली.

नंदानं दिलं आईशी झालेलं भांडण, सात मिनिटांचं,
मोबाइलमध्ये चुकून राहिलेलं, आई गेल्यावर रोज ऐकायची ते.
मी दिले तांदळाच्या डब्यातले अकराशे रुपये,
नवऱ्याला माहीत नसलेले,
आणि नवरा नेमका दारात उभा.
आगीनंतर पहिल्यांदा हसलो आम्ही,
हसता हसता खोकलो.

गोजर पाण्याच्या टाकीपाशी बसायची, एकटी.
आग तिच्याकडनं लागली होती.
महिनाभर तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.
माझी कावेरी तेव्हा ससूनमध्ये पालथी झोपून होती.

चौथ्या शनिवारी टाकीकडनं आवाज आला.
नळी लिहा, गोजर म्हणाली.
नळी चिरली होती, पगार व्हायचा होता.
वास येत होता, मी उदबत्ती लावली. ते लिहा.

ऋताचं पेन थांबलं.
चंपूबाईची थाप थांबली नाही, तेवढंच.
आणि त्या थापेवर ती ओळ बसली, एक अक्षर न कापता:
वास येत होता, मी उदबत्ती लावली.

आता ही म्हणायची कुणी?
तिला एकटीला म्हणायला लावावी तर तो फास,
सगळ्यांनी म्हणावी तर सगळ्यांचा कबुलीजबाब.
बराच वेळ नुसती थाप चालू राहिली.
मग नंदा, बादलीकडं बघत:
तसं माझीपण नळी लग्नातलीच होती.
शकिलाची चिंधी बांधलेली. चंपूबाईची बिनमापाची, उसनी.
माझीसुद्धा.
मी तेव्हा बोलले नाही.

पत्रे मिळालेत, निळे. गल्ली पुन्हा अडीच फुटी.
नवीन चौकटीवर शकिलानं इरफानच्या जुन्या रेघा मारल्या,
आपल्या गुडघ्यावरून, कमरेवरून, खांद्यावरून आठवून आठवून.
बरोबर असतील, नसतील.
ऋता आता येत नाही, तिची बदलापूरला नोकरी लागली,
दोन बादल्यांचे कान तुटले.

मी गोजरशी अजून बोलत नाही.
समोरून आली तर ती तिरपी होते,
मीही होते, दोघी एकदम,
आणि जागा उगाच जास्तीची उरते.

पण रात्री कावेरीच्या पाठीला मलम लावताना
कातडी जिथं घट्ट झालीय तिथं हात हळू करावा लागतो,
तिथं ते गाणं आपोआप येतं तोंडात,
आणि ती ओळ आली की
मी गाळत नाही.